दहावा चिंचोका

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही नसेल. आधीच सांगून टाकते, कारण मंडळाच्या अंकातल्या या सदरात सगळे जण 'माझाही आधी विश्वास नव्हता, पण...' असं म्हणून सुरुवात करतात आणि शेवटी गंडेदोरे बांधून मोकळे होतात. माझ्याकडे तो 'पण' नाही. गंडा तर नाहीच नाही. ज्यांना तो हवा असेल त्यांनी खुशाल पान उलटावं, मला राग येणार नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट. आता रिटायर झाले, पण शिकागोच्या पश्चिमेला एका हॉस्पिटलात सगळं आयुष्य गेलं. मेलेल्या माणसांशी माझा रोजचा संबंध. त्यांच्यातलं कोणी कधी उठून बसलं नाही, की माझ्या मागोमाग घरी आलं नाही. त्यातून मी नागपूरची, बौद्ध घरातली. छप्पन साली बाबांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवरची ती गर्दी मी पाहिली आहे. बाबा कापडगिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. बावीस प्रतिज्ञा त्यांना पाठ होत्या, आणि नुसत्या पाठ नव्हत्या. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही... ही प्रतिज्ञा तर त्यांनी अख्ख्या वस्तीच्या वतीने सांभाळली. कुणाच्या घरी माणूस गेलं की भटजीला निरोप जायच्या आत बाबा तिथे पोचलेले असायचे, आणि घरच्यांशी हुज्जत घालून, त्यांची समजूत काढूनच परतायचे.

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. आदल्या ऑक्टोबरात आई नागपूरला वारली. आम्ही वंदना घेतली, लोकांना जेवू घातलं, आणि मी बाबांना माझ्याबरोबर इकडे घेऊन आले. तेव्हा आम्ही नेपरव्हिलला राहायचो. माझा नवरा अशोक सकाळच्या ट्रेनने शिकागोला जायचा, मी हॉस्पिटलला, आणि रश्मी, माझी मुलगी, शाळेत. बाबा दिवसभर खिडकीपाशी. बाहेर बर्फ, आणि तो वितळावा म्हणून अधूनमधून रस्त्यावर मीठ टाकत जाणारा ट्रक. तो ट्रक आला की बाबा उठून उभे राहायचे. तेवढीच हालचाल.

त्यांचा दिवसच मोडला होता. नागपूरला ते आणि आई रोज संध्याकाळी नवकंकरी खेळायचे. नव्या पिढीसाठी सांगते — एकात एक तीन चौकोन, त्यांना मधोमध जोडणाऱ्या रेषा, दोघांकडे नऊ-नऊ सोंगट्या. तीन एका रेषेत आल्या की समोरच्याची एक उचलायची. बाबांचे काळे खडे, आईचे चिंचोके. ते घसरू नयेत म्हणून तिने प्रत्येक चिंचोका एका अंगाने पायरीवर घासून सपाट केला होता. तीन जुळले की ती "शिजलं!" म्हणायची. का, कोण जाणे. बहुतेक खेळताना चुलीवर वरण असायचं म्हणून. हा शब्द त्या अर्थाने जगात दुसरं कोणी वापरत नाही, फक्त आमच्या घरात.

आणि आई चीटिंग करायची. धडधडीत. तिच्याकडे एक दहावा चिंचोका असायचा — कधी गुडघ्याखाली, कधी पदराच्या गाठीत — आणि बाबांची नजर जरा हलली की तो पटावर. बाबा मोजायचे, पकडायचे, चिंचोका जप्त करायचे. शिक्षा म्हणजे आईची एक खेळी बाद. गिरणीतलं अख्खं खातं ज्यांना टरकून असायचं त्या माणसाला ही बाई रोज फसवायची, आणि मला वाटतं, फसायला बाबा रोज वेळेवर घरी यायचे. ती गेल्यावर घर आवरताना सोंगट्यांच्या डबीत नऊच चिंचोके निघाले. दहावा कुठे ठेवलाय ते सांगायचं राहून गेलं, असं म्हणून आम्ही तेव्हा हसलो होतो आणि मग रडलो होतो. डबी मी नागपूरलाच ठेवली.

आता विमलकाकू. त्या पुण्याच्या, इथल्या मराठी मंडळातल्या ज्येष्ठ. त्यांच्याबद्दल वाईट लिहिणार नाही. रश्मीच्या वेळी माझ्या बाळंतपणाला माझी आई येऊ शकली नाही, तेव्हा डिंकाचे लाडू काकूंनी केले होते. पण पाडव्याच्या पॉटलकला, शाळेच्या कॅफेटेरियात, हातात कागदी प्लेट घेऊन त्या बाबांजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनींचं काहीच केलं नाहीत म्हणे? अहो, तुमची मतं तुमच्यापाशी, पण जीव घुटमळत राहतो हो. उपाशी राहतात ती माणसं. वर्षाच्या आत तरी करून घ्या."

मी वाट बघत होते. आता बाबा प्लेट खाली ठेवतील, घसा साफ करतील आणि काकूंना पंधरा मिनिटं ऐकवतील. वस्तीत मी ते शंभरदा पाहिलं होतं. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी पुरी अर्धी टाकली आणि हात धुवायला गेले. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली... काकूंची नाही, बाबांच्या गप्प बसण्याची.

मग ताटात अन्न राहू लागलं. उन्हाळ्यात एकदा, दुपारी, मी भाजी चिरत होते तर ते मागे येऊन उभे राहिले.

"कुसुम, तिले भूक सहन होत नव्हती. सकाळची भाकर उशीर झाली तं चक्कर यायची."

"हो बाबा."

"माह्या हट्टापायी तिले उपाशी तं नाही ठेवलं मी?"

मी हातातलं टाकून त्यांना सगळं सांगितलं. मरताना शरीरात काय होतं, मेंदूत काय होतं, भूक म्हणजे काय आणि ती कशाला लागते. त्यांनी सगळं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर आहे तुहं. पण तू तिकीट काढ. वर्षाच्या आत नागपूरले जातो, करून टाकतो. कोनाले सांगू नको."

कोणाला सांगू नको! ज्यांनी आयुष्यभर मागच्या दाराने काही केलं नाही, ते बाबा. मला इतका राग आला — काकूंचा, बाबांचा, त्या न दिसणाऱ्या भुकेचा. रात्री अशोक म्हणाला, "करू दे ना यार. म्हातारा माणूस आहे, त्याचं समाधान होईल. तुझं काय जातं?" मी त्याला म्हटलं, वस्तीत ज्यांना बाबांनी नाही म्हणायला शिकवलं त्यांच्यासमोर ते पुढचं आयुष्य मान खाली घालून काढतील. समाधान वगैरे काही होणार नाही, ते आतून मोडतील. माझं हे जातं. पण तिकीट काढायचं कसं नाही? सप्टेंबरच्या अखेरचं काढलं, त्यांच्याबरोबर माझंही.

फ्लाइट इस्तंबूलवरून होती. माझ्या लॅबमध्ये आयशे नावाची टेक्निशियन होती, तुर्कस्तानातल्या अंताल्याची. माझ्या देशावरून जाणार आणि समुद्र न बघता जाणार? ती हटूनच बसली. मी हो म्हटलं ते समुद्रासाठी नाही. नागपूर तेवढंच दोन दिवस लांबेल, म्हणून. वेळ काढायला माणूस काय काय करतो.

तिने सांगितलेली जागा म्हणजे फासेलिस. अंताल्यापासून टॅक्सीने तासाभरावर, पाइनच्या झाडीत, समुद्राला लागून. आधी ग्रीकांचं शहर, मग रोमनांचं, मग कोणाचंच नाही. तीन बंदरं, आणि एका बंदरापासून दुसऱ्या बंदरापर्यंत जाणारा दगडी रस्ता, दोन्ही बाजूंना पायऱ्या. मागे मोठा डोंगर. सकाळचे अकरा वाजले असतील, लख्ख ऊन. ड्रायव्हर टॅक्सीतच झोपला. लांब पाण्यात एक जर्मन जोडपं पोहत होतं, बाकी चिटपाखरू नाही.

बाबांना तिकडच्या देवळाबिवळात रस नव्हता. सुरुवातीलाच पाणी आणणाऱ्या दगडी कमानी आहेत, तिथे ते थांबले. वर बघून म्हणाले, "इतक्या दुरून पाणी आणलं. पण भरू कोनाकोनाले देत होते?"

"गुलाम होते बाबा त्यांच्याकडे."

"मंग तेच भरत असतील. अन् वापरत दुसरेच." आणि पुढे निघाले. किती तरी महिन्यांनी त्यांनी असा एक टोला हाणला होता. मला जरा बरं वाटलं.

रस्त्याच्या मध्यावर सावली बघून आम्ही पायरीवर टेकलो. शेजारी एक संगमरवरी लादी पडली होती. बाबांनी सवयीने तिच्यावरची माती हाताने झटकली, आणि त्यांचा हात थांबला.

"कुसुम... पाह्य."

एकात एक तीन चौकोन. मधोमध रेषा. कोणीतरी टोकदार हत्याराने कोरलेले, वेडेवाकडे. रोमन शिपायाने की नंतरच्या एखाद्या मेंढपाळाने, मला माहीत नाही. नवकंकरी. आमच्याकडे किल्ल्यात, देवळाच्या ओट्यावर असते तशी, जशीच्या तशी.

बाबा लगेच खडे वेचायला लागले. समुद्रकाठ, खड्यांना काय तोटा! मग मागच्या झाडाखाली गेले आणि ओरडले, "चिंचा! इथं चिंचा कुठून आल्या?" हातात काळपट तपकिरी शेंगा. त्या चिंचा नव्हत्या. कॅरबच्या शेंगा, त्या किनाऱ्यावर सगळीकडे असतात, आयशेने सांगितलं होतं. पण बाबा शेंग मोडून बसले होते. आतून बारक्या बिया निघाल्या, मसुराहून थोड्या मोठ्या. "रोडावले बिचारे," म्हणाले. "पाणी नसंल." मी दुरुस्त केलं नाही. त्यांनी नऊ बिया मोजून माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, "तू आईकडून खेळ."

मला तो खेळ कधीच नीट आला नाही. बाबांनी बघता बघता माझ्या दोन बिया उचलल्या आणि आपल्या उजव्या बाजूला ठेवल्या. ते नेहमीसारखे मोठ्याने मोजत खेळत होते. मी त्यांच्याकडे बघत होते, पटाकडे नाही. नागपूरला पोचेपर्यंत यांना काय सांगावं, याचा विचार चालला होता. पाइनमधून वारा आला. आणि ऐकू आलं —

"शिजलं!"

हलक्या आवाजात, हसू दाबून म्हटल्यासारखं. मला वाटलं बाबाच आईची नक्कल करतायत. मी चिडले. "बाबा, असं नका ना करू."

तर तेच माझ्याकडे रागाने बघत होते. "मस्करी काहून करून राह्यलीस? आईची?"

"मी कुठे बोलले? तुम्हीच तर..."

आम्ही दोघांनी एकदमच खाली बघितलं. माझ्या तीन बिया एका रेषेत होत्या. आतल्या चौकोनात, जिथे मी खेळलेच नव्हते. त्यातल्या दोन कॅरबच्या. तिसरी बी दुप्पट मोठी, चौकोनी, चकचकीत. 

बाबांनी हात वर केला. "कोनी हात लावू नका." हे त्यांनी कोणाला उद्देशून म्हटलं ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी पटावरच्या माझ्या बिया मोजल्या. आठ. बाजूला ठेवलेल्या दोन. दहा. मग ती मोठी बी त्यांनी चिमटीत उचलली, उलटी केली. खालची बाजू घासून सपाट केलेली, पांढुरकी.

चिंचोका. कॅरब नाही. खरा चिंचोका.

मी घाबरले, हे कबूल करते. उठून पळावंसं वाटलं. पण बाबा... बाबा हसायला लागले. वर्षात पहिल्यांदा. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते शर्टाच्या बाहीला पुसलं, आणि मग समोर, माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघून ते जोरात ओरडले, "बेइमान! तरीबी सुधरली नाहीस?" पोहणाऱ्या जर्मन बाईने मान वळवून बघितलं.

मग माझ्याकडे वळले. "जी अजून दहावा चिंचोका लपवून राह्यली, ते म्हणे उपाशी हाय! हिले पिंड कायले पाह्यजे? हिच्या हातावर फटका पाह्यजे."

चिंचोका जप्त करून त्यांनी खिशात टाकला. "एक खेळी बाद," म्हणाले, आणि नियमाप्रमाणे माझी पाळी खाऊन पुढे खेळले. दया नाही, माया नाही. डाव जिंकूनच उठले.

परतीच्या टॅक्सीत मी त्यांना सरळ विचारलं. मी डॉक्टर आहे, सोपं उत्तर आधी तपासते. "बाबा, तो तुम्ही घरून आणला होता का? खरं सांगा. मी रागावणार नाही."

"मी?" ते खरोखर दुखावले. "मी खेळात कधी खोटं केलं का? ते तिचं काम." जरा वेळाने खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी तं तुलेच विचारणार होतो. मी भटाकडं जाऊ नये म्हणून तूच..."

म्हणजे दोघांचा एकमेकांवर संशय. आमचं घर असंच.

नागपूरला गेल्यावर ते भटजीकडे गेले नाहीत. वर्षाच्या दिवशी वंदना घेतली, वस्तीतल्या पोरांना खीर खाऊ घातली आणि स्वतः दोन वाट्या खाल्ल्या. डबी उघडून बघितली, तिच्यात नऊ होते. पुढच्या वर्षी ते आमच्याकडे कायमचे आले, येताना डबी आणि तो दहावा, वेगळ्या कागदात. मी तो लॅबमध्ये नेला. कापू द्यायला बाबा तयार नव्हते, म्हणून नुसता मायक्रोस्कोपखाली ठेवला, शेजारी देशी दुकानातल्या चिंचेचा चिंचोका. जात तीच. सपाट बाजूवर एकाच दिशेचे ओरखडे, दगडावर घासल्याचे. आयशेला विचारलं, तिकडे चिंच होते का? होत नाही, पण इस्तंबूलला चिंचेचं सरबत विकतात, म्हणाली. ठीक आहे. कोणी प्रवासी सरबताची चिंच घेऊन तिथे आला, त्याने चिंचोका फेकला, तो आमच्या लादीपाशी पडला, बाबांनी खड्यांबरोबर नकळत उचलला. घासलेली बाजू समुद्राने घासली. 'शिजलं' मीच नकळत बोलले आणि बियाही मीच नकळत सरकवल्या. एकेक कारण वेगळं घेतलं तर मला पटतं. सगळी एकत्र घेतली की पटत नाही. दुसरं कारण मला आजपर्यंत सापडलेलं नाही.

बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. रश्मीला नवकंकरी शिकवली. कार्पेटवर पट मांडून दोघं बसायचे आणि स्वयंपाकघरात मला ऐकू यायचं, "आजोबा, दॅट्स चीटिंग!" त्यावर बाबा म्हणायचे, "तुह्या आजीनं शिकवलं." शेवटच्या आजारात एकदा त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "पोरी, आता तं सांग. तूच ठेवला होता नं?"

"नाही बाबा."

"मीबी नाही," म्हणाले आणि डोळे मिटून हसले.

तुमच्यातल्या निम्म्यांना वाटतंय की मीच ठेवला. वाटू दे. माझ्याकडे कारण होतं, संधी होती, कोर्टात मी हरले असते. मी ठेवला नाही.

उरलेल्या निम्म्यांना वाटतंय की आईचा आत्मा आला होता. तुम्हालाही माझं उत्तर 'नाही' असंच आहे. मी आत्मा पाहिलेला नाही. मी एक चिंचोका पाहिला.

बाबा गेले तेव्हा विमलकाकूंचा फोन आला. त्याही थकल्या होत्या, मनापासून रडल्या, आणि मग म्हणाल्या, "आता तरी दोघांचं मिळून करून टाक गं. उपाशी नको ठेवूस."

मी म्हटलं, "काकू, तिथे डाव रंगात आलेला असेल. मध्ये भाताचे गोळे कशाला?"

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हे म्हणायला माझा विश्वास असायला हवा होता. तो नाही. पण वाक्य मी मागे घेतलेलं नाही, आणि घेणारही नाही. पिंड आम्ही दिला नाही, आईला नाही आणि बाबांनाही नाही.